ऊस तुटल्यानंतरचे पंधरा दिवस : जमिनीतले जिवाणू जगवणारा क्रम

पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळलं नाही, ते कुजवणारं जिवाणूंचं कल्चर आणून टाकलं, तरी महिन्याभरात खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुंध्यांतून फुटणारं पुढचं पीक) पिवळा पडला आणि पाचट जसंच्या तसं सरीत पडून राहिलं. ही तक्रार दर हंगामात ऐकू येते, आणि पुढच्या वर्षी तोच शेतकरी फडाला काडी लावतो. बहुतेक वेळा दोष पाचटाचाही नसतो आणि कल्चरचाही. कामं बरोबर केलेली असतात, क्रम चुकलेला असतो.

जमिनीतल्या जिवाणूंना आणि बुरशींना खाणं, हवा आणि ओल लागते. तोडणीच्या आसपासच्या पंधरा-वीस दिवसांत या तिन्ही गोष्टींवर एकदम घाला येतो. पाचट पेटवलं की खाणं जातं, भरलेल्या ट्रॉल्या सरीतून फिरल्या की हवा जाते आणि जमीन उघडी पडली की ओल जाते. पुढचा क्रम पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम ते भारी जमिनीतल्या, सरी-वरंब्यावरच्या उसासाठी आहे. ठिबक आणि यंत्रतोडणीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. सगळी मापं एकरी आहेत.

## टप्पा १ : तोडणीआधी महिनाभर

आधी ठरवा, खोडवा ठेवायचा की नाही. १५ फेब्रुवारीनंतर तुटणाऱ्या उसाचा खोडवा ठेवू नये. कोवळे फुटवे उन्हाळ्यात सापडतात आणि खोडकीड जोर धरते. खोडवा ठेवायचा नसला तरी पाचट जाळायचं कारण नाही. कुट्टी करून जमिनीत मिसळा, पुढच्या पिकाला ते लागू पडतं.

उभ्या पिकात काणी (शेंड्यातून काळा चाबूक काढणारा बुरशीचा रोग) आणि गवताळ वाढ या रोगांची बेटं शोधा. काणीच्या चाबकावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवा, मग बेट मुळासकट काढून शेताबाहेर नष्ट करा. पिशवी न घालता उपटलं तर काळी भुकटी सगळ्या फडावर उडते. अशी बेटं जागोजागी दिसत असतील तर त्या प्लॉटचा खोडवा ठेवू नका.

तोडणीआधी १५ ते २० दिवस पाणी बंद करा. भारी काळ्या जमिनीत आणखी काही दिवस आधी. साखर उतरण्यासाठी हे करतातच, पण ओल्या जमिनीत वाहन शिरलं की जी दाबली जाते ती वर्षभर सुटत नाही, म्हणूनही ते तितकंच महत्त्वाचं आहे.

तपासा : वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर वाहन चालेल. चपटा होऊन तसाच राहिला तर तोड चार दिवस पुढे ढकलण्यासाठी चिटबॉयशी (कारखान्याचा तोडणी ठरवणारा माणूस) बोला.

तोड सुरू होण्याआधी घरात हे सामान हवं : युरिया ३२ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ४० किलो, पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन (कल्चर) ४ किलो आणि ते मिसळायला चांगलं कुजलेलं शेणखत १०० किलो. हे माप एकरी ४ टन पाचट धरून आहे, म्हणजे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो कल्चर. कल्चरच्या पुड्यावरची मुदत बघा आणि तो सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या पोत्यावर आठवडाभर पडलेला पुडा म्हणजे नुसती भुकटी, आतले जिवाणू केव्हाच संपलेले असतात.

कुट्टी यंत्राचा नंबर आत्ताच लावून ठेवा. ऐन हंगामात ते मिळत नाही, पाण्याची पाळी येऊन ठेपते आणि मग काडी लावली जाते. पाचट जाळलं जाण्यामागे अज्ञानापेक्षा ही घाईच जास्त असते.

## टप्पा २ : तोड

पहिला कोयता पडण्याआधी मुकादमाशी दोन गोष्टी पक्क्या करा : ऊस जमिनीलगत तोडायचा आणि फड पेटवायचा नाही. टोळी टनावर मजुरी घेते. पाला सोलायला वेळ जातो, म्हणून पेटवून द्या असं म्हणणं येतं. ही अडचण त्यांच्या बाजूने खरी आहे. बोलणी आधीच झाली तर मार्ग निघतो, तोड सुरू झाल्यावर निघत नाही.

पेटवण्याचा हिशेब मांडून बघा. हेक्टरी ८ ते १० टन, म्हणजे एकरी सव्वातीन ते चार टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. चार टनांत २० किलो नत्र आणि सव्वा ते दीड टन कर्ब आला. पेटवल्यावर कर्ब जवळजवळ सगळा जातो, नत्र आणि गंधकाचा मोठा भाग धुरात जातो. राखेत पालाश राहतं, तेही वाऱ्याने आणि पहिल्या पाण्याने इकडेतिकडे होतं. आगीची धग कोरड्या जमिनीत काही बोटंच खाली जाते हे खरं. पण जिवाणूंची सगळ्यात दाट वस्ती त्याच थरात असते, आणि खालचे जे वाचतात त्यांना पुढे वर्षभर खायला काही उरत नाही.

उभा ऊस पेटला तर नुकसान कारखान्याच्या काट्यावरही दिसतं. जळीत उसाला दरात कपात लागते आणि वजन भराभर घटतं. जळालेल्या सालीच्या भेगांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात, रसातली साखर खातात आणि डेक्सट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. म्हणजे जमिनीतले उपयोगाचे जिवाणू जातात आणि उसात नको ते शिरतात.

तोड जमिनीलगत हवी. वरच्या डोळ्यांतून आलेले फुटवे जमिनीबाहेर मुळं सोडतात, ती मातीपर्यंत नीट पोचत नाहीत आणि फुटवे कमजोर राहतात. जमिनीखालच्या डोळ्याचा कोंब स्वतःची नवी मुळं थेट मातीत सोडतो. त्या मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर मुळाभोवतीचे जिवाणू जगतात.

तपासा : पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दहा सऱ्या चाला. बोटभरापेक्षा उंच बुडखे (तोडीनंतर उरलेले उसाचे बुंधे) दिसले तर तिथेच टोळीला दाखवा. संध्याकाळी सांगून उपयोग नाही, तोवर अर्धा एकर झालेला असतो.

वाढे (उसाचे हिरवे शेंडे) टोळी जनावरांना नेते, ती रीतच आहे. वाढे गेल्याने पाचटाच्या हिशेबात अडचण येत नाही.

यंत्रतोडणी असेल तर : दोन ओळींत किमान साडेचार ते पाच फूट अंतर हवं. यंत्राचा पंखा पाला तुकडे करूनच मागे फेकतो, त्यामुळे वेगळी कुट्टी लागत नाही. बघायचं ते बुडाची पाती. ती बोथट झाली की बुडखा कापला जात नाही, फाटतो, आणि त्या चिरांतून रोगट बुरशी आत जाते. बुडखे उपटले जात असतील तर पात्यांची उंची चुकली आहे किंवा जमीन ओली आहे. यंत्र थांबवा.

## टप्पा ३ : वाहनांची वाट

भरलेली ट्रॉली सरीतून गेली की माती दबते आणि हवा राहण्याच्या मोठ्या पोकळ्या बंद होतात. मग पाणी दिलं की तिथे हवा न लागणारे जिवाणू वाढतात आणि ते जमिनीतलं नायट्रेट वायूरूपात उडवून देतात. तुम्ही टाकलेल्या युरियाचा काही हिस्सा असा जातो. प्लॉटच्या मधूनच लांबट पिवळे पट्टे दिसतात ते बहुतेक वेळा ट्रॉलीच्या चाकांचेच.

ट्रॉली बांधाकडेला उभी करून मोळ्या डोक्यावरून आणल्या तर सगळ्यात बरं. लांब प्लॉटमध्ये ते जमत नाही. तिथे दर ठरावीक अंतरावर एकच वाट ठरवा आणि प्रत्येक खेप त्याच वाटेने जाऊ द्या. पाच सऱ्या पूर्ण दबलेल्या परवडतात, पन्नास सऱ्या थोड्याथोड्या दबलेल्या परवडत नाहीत. पहिल्याच फेरीत दाबण्याचं बहुतेक नुकसान होऊन जातं.

तपासा : दहा मिलिमीटरची लोखंडी सळई वाफशावर (जमीन चिखल नाही, कोरडीही नाही अशा ओलीवर) हाताने मातीत दाबा. न दबलेल्या सरीत जेवढी जाते तेवढी वाटेच्या सरीतही जायला हवी. चार बोटांवर अडली तर तेवढ्याच पट्ट्यात, जमीन कोरडी असताना, चिझल नांगर (माती न उलटवता खोल फोडणारा नांगर) चालवा. सगळा प्लॉट फोडू नका. मुळांशी जोडलेल्या बुरशीच्या तंतूंचं जाळं नांगरटीने तुटतं, आणि खोडव्यात जुन्या मुळांवर ते तयारच असतं. खोडव्याच्या बगला फोडू नका (वरंब्याच्या बाजू नांगराने उकलू नका) असं सांगतात त्यामागचं एक कारण हेच.

## टप्पा ४ : पाचट सरीत घेणं आणि कुट्टी

ठिबक असेल तर आधी नळ्या गोळा करा, मग यंत्र आत घ्या. हा साधा क्रम चुकला की नळ्यांचे तुकडे होतात.

हाताने करायचं असेल तर पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत लोटा. पाटपाण्याखाली ९० सेंटीमीटरच्या सरीत पाणी पुढे सरकत नसेल तर एका आड एक सरीत पाचट भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. यंत्र असेल तर आधी कुट्टी आणि त्यानंतर बुडख्यांवरचा चुरा झाडून घेणं.

कुट्टीचा फायदा समजून घ्या. आख्खं पान मेणचट असतं, सरीत अधांतरी राहतं आणि मातीला टेकत नाही. कुजवणारी बुरशी मातीतून वर चढते. तिला टेकलेला, चिरलेला तुकडा लागतो. कुट्टी शक्य नसेल तर पहिल्या पाण्यानंतर वाफशावर माणसांनी सरीतून चालून पाचट पायाने दाबावं. काम साधं आहे, पण फरक स्पष्ट दिसतो.

सावध : रस्त्याकडेला, बांधालगत आणि विजेच्या तारांखाली आठ-दहा फुटांचा पट्टा पाचटमोकळा ठेवा. शेजारच्या फडातून उडालेली एक ठिणगी सगळी मेहनत जाळते. आणि जिथे पावसात पाणी साचतं त्या सखल कोपऱ्यात पाचटाचा ढीग घालू नका. तिथे ते कुजत नाही, सडतं.

## टप्पा ५ : बुडखे छाटणं, आणि इथलीच मोठी चूक

धारदार कोयत्याने किंवा छाटणी यंत्राने बुडखे जमिनीबरोबर छाटा. तोडणीनंतर जितक्या लवकर तितकं चांगलं. आठवडा उलटून कोंब वर आले की छाटणीत तेच कापले जातात.

छाटलेल्या कापांवर बुरशीनाशक फवारतात, सहसा कार्बेन्डाझिम, १० लिटर पाण्याला १० ग्रॅम. फवारा फक्त बुडख्यावर हवा, नोझल खाली धरून. घाईत माणूस सरीवरूनही पंप मारत जातो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाचटावर ट्रायकोडर्मा असलेलं कल्चर टाकलं जातं. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे आणि कार्बेन्डाझिम तिला थोड्या मात्रेतही मारतं. कल्चर टाकूनही पाचट कुजलं नाही, या तक्रारीचं एक मोठं कारण इथे आहे. म्हणून फवारणी आणि कल्चर यांत निदान आठवड्याचं अंतर ठेवा, आणि फवाऱ्याचा थेंब पाचटावर जाऊ देऊ नका. काप स्वच्छ आहे आणि प्लॉट निरोगी आहे तर ही फवारणी वगळली तरी चालते.

## टप्पा ६ : युरिया, सुपर आणि पाणी

पाचटात एका भाग नत्रामागे साधारण ६५ ते ८० भाग कर्ब असतो. जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला एका भाग नत्रामागे २५ भागांच्या आसपास कर्ब पुरतो. कमी पडलेलं नत्र ते जमिनीतून उचलतात, म्हणजे खोडव्याच्या तोंडचं. प्लॉट पिवळा पडतो तो यामुळे. उचललेलं नत्र हरवत नाही, जिवाणू मेले की परत मिळतं. पण तोवर फुटव्यांचा काळ निघून गेलेला असतो.

म्हणून जिवाणूंना वेगळा युरिया द्यायचा. पाचटावर ३२ किलो युरिया आणि ४० किलो सुपर सारखं फेका आणि त्याच दिवशी पाणी सोडा. पाचटावर युरिया फोडणारं विकर भरपूर असतं. ओलसर पाचटावर युरिया पडून राहिला की त्याचा अमोनिया होऊन उडतो. सरीजवळ डोळ्याला झोंबणारा वास आला तर तुमचे पैसे हवेत चालले आहेत असं समजा. पाण्याची पाळी दोन दिवसांवर असेल तर युरियाही दोन दिवसांनीच टाका.

हा ३२ किलो युरिया खोडव्याच्या खतमात्रेतून वजा करू नका.

ठिबकवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : नळी फक्त ओळीचा पट्टा भिजवते, सरीतलं पाचट कोरडंच राहतं आणि कोरडं पाचट कुजत नाही. शक्य असेल तर पहिलं एक पाणी पाटाने किंवा रेन पाइपने द्या. शक्य नसेल तर पाचटावर युरिया टाकूच नका. ते आच्छादन म्हणून राहू द्या, पावसाळ्यात कुजेल. त्याने ओल टिकते आणि तण दबतं, हेही कमी नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत तर या आच्छादनाचा वेगळाच उपयोग आहे. बाष्पीभवन कमी झालं की खालचे क्षार वर चढणं कमी होतं.

## टप्पा ७ : कल्चर

पाणी दिल्यावर चार-पाच दिवसांनी, पाचट ओलं असताना कल्चर टाका. १०० किलो कुजलेल्या शेणखतात ४ किलो कल्चर मिसळा, हाताला दमट लागेल इतकं पाणी शिंपडा आणि गोणपाटाखाली सावलीत रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर सरीत फेका. दुपारी दोन वाजता कोरड्या पाचटावर फेकलेलं कल्चर संध्याकाळपर्यंत मेलेलं असतं.

सावध : कल्चर युरिया-सुपरच्या घमेल्यात मिसळून एकाच फेरीत टाकण्याची सवय सोडा. खताच्या दाण्याभोवतीचा तीव्र क्षार जिवाणूंना सोसत नाही.

## टप्पा ८ : पहारीने खत

खोडव्याची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी १००, ४६ आणि ४६. ती दोन सारख्या हप्त्यांत द्यायची. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत : युरिया १०९ किलो, सुपर १४४ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ३८ किलो. माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

पाचट असलेल्या शेतात खत फेकून चालत नाही, ते पाचटावरच अडतं. बुडख्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर पहारीने तितकंच खोल छिद्र घ्या, खत टाका, टाचेने बुजवा. दोन छिद्रांत ३० सेंटीमीटर अंतर. ९० सेंटीमीटरच्या सरीत एकरी सुमारे १५ हजार छिद्रं होतात, म्हणजे एका छिद्राला साधारण २० ग्रॅम खत. चार फुटी सरीत छिद्रं ११ हजारांच्या आसपास आणि खत २६ ग्रॅम. एकदा तराजूवर तोलून छोट्या डबीवर खूण करून घ्या. मुठीच्या अंदाजाने टाकलं की अर्ध्या प्लॉटात खत संपतं.

वाफसा असतानाच हे काम करा. कोरड्या जमिनीत पहार जात नाही आणि चिखलात छिद्राच्या भिंती लिंपल्या जातात. नांग्या (फूट न आलेल्या रिकाम्या जागा) असतील तर याच सुमारास पिशवीतल्या रोपांनी भरून घ्या.

## टप्पा ९ : जिवाणू कामाला लागले का, हे बघणं

पंधराव्या दिवशी सरीतलं पाचट उचलून खालची बाजू बघा. पांढरे तंतू आणि पावसाळी मातीसारखा वास असेल तर काम सुरू आहे. पाचट खालून काळं-निळसर, बुळबुळीत आणि कुजक्या अंड्याचा वास असेल तर पाणी जास्त होतंय. दोन पाण्यांतलं अंतर वाढवा. तंतूच नसतील आणि पाचट कडकडीत असेल तर ओल कमी पडली आहे. अशा वेळी दुसरं कल्चर विकत आणू नका, आधी पाणी द्या.

तिसाव्या दिवशी रंग बघा. सगळा प्लॉट एकसारखा फिकट असेल तर नत्र अडकलं आहे, ठिबकमधून किंवा पाटपाण्याबरोबर थोडा युरिया द्या. फक्त नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो लोहाचा प्रश्न आहे, चुनखडीच्या जमिनीत नेहमीचा. त्यावर युरिया देऊन काही होत नाही.

कापडाची चाचणी खर्चाशिवाय होते. शंभर टक्के सुती, न रंगवलेल्या कापडाचे वीतभर चौकोनी सारखे तुकडे घ्या. एक पाचटाखालच्या सरीत, एक दबलेल्या वाटेवर, एक बांधाजवळच्या न कसलेल्या मातीत, असे चार बोटं खोल गाडा आणि जागेवर काठी रोवा. दीड-दोन महिन्यांनी अलगद काढा. बांधाजवळचा तुकडा विरलेला असेल आणि वाटेवरचा शाबूत असेल तर ट्रॉलीने काय केलं ते हातात दिसतं. टेरिकॉटचा तुकडा घेऊ नका, त्यातला धागा कुजत नाही.

पहिल्या पावसानंतर फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यातली माती गोणपाटावर पसरून गांडुळं मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच सरीत मोजा. याच वेळी हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या सापडल्या तर ताबडतोब बंदोबस्त करा. पाचटामुळेच हुमणी येते असं धरून ते बाहेर काढू नका. भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमतात, तिथे झाडं हलवून ते गोळा करणं जास्त कामाचं आहे.

दुसरा खतहप्ता १३५ दिवसांनी, तेवढ्याच मापाचा, बुडख्याच्या विरुद्ध बाजूला आणि पहारीनेच द्या. तोवर सरीतलं पाचट बरंचसं मऊ होऊन काळपट पडलेलं असतं. जे उरलं असेल ते भरणीच्या (उसाच्या बुडाला माती चढवण्याच्या) नावाखाली उकरून बाहेर टाकू नका.